सोळा जणांचं पीठ

२१ मार्च, शुक्रवार. क्राकूफ

लेक तीन वर्षांपासून पोलंडमधल्या क्राकूफला नोकरीत आहे. मी आले ती खरं तर सुनेच्या बाळंतपणाच्या आधी थोडं फिरून घ्यावं म्हणून. बाळंतपण जूनमध्ये, त्यामुळे मार्च मोकळा होता. "आई, कुठं जायचं ते तू सांग," असं लेक म्हणाला तेव्हा त्याला वाटलं असणार, मी मिठाच्या खाणीचं किंवा राजवाड्याचं नाव घेईन. मी म्हटलं, मार्कोव्हा. त्याला नकाशात शोधावं लागलं.

इतिहास शिकवण्यात तीस वर्षं गेली, पण मला हे गाव पुस्तकातून कळलेलं नाही. पोलंड आमच्या घरात आधीपासूनच होतं. मामंजी वळिवड्याचे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. मामंजी पोरवयात तिथं दूध घालायला जायचे. 'जेन दोब्री', म्हणजे नमस्कार, हे त्यांनी म्हातारपणापर्यंत जपलेलं पोलिश. पुढं त्याच बराकींत फाळणीनंतर आलेले सिंधी लोक राहिले आणि गांधीनगर झालं. आपल्या दारात निर्वासित म्हणून आलेल्या माणसांचा देश, एवढीच माझी पोलंडशी ओळख. त्या देशात २४ मार्चला, जर्मन अमलात ज्यूंना आसरा देणाऱ्या पोलिश लोकांचा स्मृतिदिन पाळतात, आणि ती तारीख मार्कोव्ह्यातल्या उल्मा कुटुंबावरून ठरली, असं वाचलं आणि मनात धरून ठेवली.

आज सकाळी काझिमेश या जुन्या ज्यू वस्तीतलं रेमू दफनस्थान पाहिलं. उद्या शनिवार, ज्यूंचा विश्रामवार, म्हणजे ते बंद. नाझींनी फोडलेल्या थडग्यांचे तुकडे गोळा करून इथं एक अख्खी भिंत रचली आहे. थडग्यांवर फुलं नव्हती, लहान-लहान खडे होते. ज्यू लोकांत फुलं वाहत नाहीत, खडा ठेवतात, असं लेकानं सांगितलं. मी रिकाम्या हातानं आले होते. खाली वाकून एक खडा उचलला, पण तो कुणासाठी ठेवायचा हेच कळेना. परत टाकून दिला.

२२ मार्च, शनिवार. क्राकूफ, नदीपलीकडं

व्हिस्तुला ओलांडून पोदगुझे भागात गेलो. मार्च १९४१ मध्ये जर्मनांनी क्राकूफच्या ज्यूंना इथं कोंडलं. या कोंडवस्तीतल्या, घेट्टोतल्या, ज्या चौकात माणसं गोळा करून मृत्युछावण्यांकडं जाणाऱ्या गाड्यांत भरली जायची, त्या चौकात आता मोठमोठ्या धातूच्या खुर्च्या उभ्या आहेत. माणसं नेल्यावर रस्त्यात सामान पडून राहायचं, त्याची ती आठवण. एका खुर्चीवर एक तरुण निवांत बसून मोबाईल बघत होता. मला आधी राग आला. मग वाटलं, खुर्ची आहे, बसणारच.

चौकाच्या कडेला 'गरुडाखालचं औषधालय'. तादेउश पान्क्येविच यांचं दुकान घेट्टोच्या हद्दीत आलं. त्यांनी दुसरीकडं जायला नकार दिला आणि घेट्टोतले एकमेव पोलिश दुकानदार म्हणून तिथंच राहिले. त्यांच्या हाताखाली तीन बायका होत्या. त्या परवाना दाखवून रोज आत-बाहेर करायच्या आणि येताना निरोप, अन्न, औषधं आणायच्या. इथल्या फडताळांसमोर मी बराच वेळ उभी होते. बाटल्या, चिनीमातीची भांडी, लाकडी खण. औषधालयातून काय-काय दिलं जायचं ते ऐकून मी थबकले: केसांचा कलप आणि ल्युमिनाल. कलप अशासाठी, की म्हातारा दिसणारा माणूस कामाला निरुपयोगी ठरायचा आणि निरुपयोगी ठरला की गाडीत. ल्युमिनाल हे झोपेचं औषध. लहान मुलांना घेट्टोतून चोरून बाहेर काढताना ती रडू नयेत म्हणून.

आसरा देणं म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं मोठ्या मनाची माणसं येतात. इथं माझ्या डोळ्यापुढं पहिल्यांदा वस्तू आल्या. कलपाची बाटली, औषधाचे थेंब. कुणीतरी बाळाचं वजन अंदाजून ते थेंब मोजले असतील.

रात्री सुनेनं बटाटा आणि ताज्या चीजचं सारण भरलेल्या पिएरोगी उकडल्या. आपल्या उकडलेल्या करंज्यांची चुलत बहीणच. मी वर शेंगदाण्याची चटणी भुरभुरली. सुनेला आवडलं, लेकानं डोळे वटारले.

२३ मार्च, रविवार. वाइंत्सुत

सून घरी थांबली. आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं पूर्वेला निघालो. प्शेमिशलच्या, म्हणजे युक्रेनच्या सरहद्दीच्या दिशेची ही गाडी. डब्यात दोन युक्रेनी बायका होत्या, मांडीवर पिशव्या आणि पायाशी मांजराची टोपली. दोन तासांहून जरा जास्त वेळानं वाइंत्सुतला उतरलो. नाव लिहितात निराळं आणि म्हणतात निराळं, मी लेकाचं ऐकून लिहिते आहे.

पोतोत्स्की सरदारांचा राजवाडा बाहेरून पाहिला आणि सोडून दिला. त्याच्या अंगाला लागून असलेलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, मात्र आत जाऊन पाहिलं. १७६१ मध्ये बांधलेलं. बाहेरून गोदामासारखं साधं. आत भिंतींवर, कमानींवर, मधल्या चार खांबांवर रंगच रंग. प्राणी, वेली, हिब्रू प्रार्थना, बायबलमधले प्रसंग. मधल्या चौथऱ्यावरच्या छताखाली स्वतःची शेपटी तोंडात धरलेला एक मोठा मासा गोल फिरला आहे. १९३९ मध्ये जर्मनांनी आग लावली, तेव्हा शेजारच्या राजवाड्यातले आल्फ्रेड पोतोत्स्की यांनी शब्द टाकला आणि ती विझवली गेली. पुढं युद्धात इथं धान्य साठवत. इमारत वाचली. गावात तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ज्यू वस्ती होती, तिला वाचवणारा शब्द कुणाकडं नव्हता. १९३९च्या सप्टेंबरातच बहुतेकांना सान नदीपलीकडं रशियन हद्दीत हाकललं, आणि जे राहिले किंवा लपून परतले त्यांचं पुढं व्हायचं तेच झालं.

आमच्याखेरीज आत कुणी नव्हतं. लेक फोटो काढत राहिला.

रविवार असल्यानं मोठी दुकानं बंद. एका लहान दुकानात मालकीणबाई स्वतः गल्ल्यावर होत्या. उद्या कार्यक्रमाच्या गर्दीत काही मिळेल न मिळेल म्हणून लेकानं जरा सढळ हातानं खरेदी केली: तीन मोठे पाव, लोण्याच्या दोन वड्या, डझनभर अंडी, कारण आमच्या मुक्कामाच्या खोलीत शेगडी होती. बाईंनी पैसे घेताघेता हसून काहीतरी विचारलं. लेकही हसला. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाल्या? "काही नाही गं, घरी पाहुणे आलेत वाटतं, म्हणाल्या."

२४ मार्च, सोमवार. मार्कोव्हा

टॅक्सीनं सात-आठ किलोमीटर. ओढ्याच्या दोन्ही बाजूंनी लांबच लांब पसरलेलं गाव, नांगरलेली काळी शेतं, पानं न फुटलेली फळझाडं. थंडी अशी की माझ्या दोन शाली कमी पडल्या.

आधी जे घडलं ते सांगते. युझेफ उल्मा चव्वेचाळीस वर्षांचा शेतकरी, पण नुसता शेतकरी नव्हे. फळझाडांची रोपवाटिका, मधमाश्या, रेशमाचे किडे असे त्याचे उद्योग. घरी वाऱ्यावर चालणारं छोटं यंत्र बसवून त्यानं वीज केली होती. शिवाय फोटोचा नाद. गावातली लग्नं, म्हाताऱ्या, शेतकाम सगळं त्यानं टिपलं. बायको विक्टोरिया एकतीस वर्षांची. मुलं सहा: थोरली स्टॅनिस्लाव्हा आठ पुरी व्हायची होती, शेंडेफळ मारिया दीड वर्षाची. सातव्या वेळी विक्टोरियाचे दिवस भरत आले होते.

१९४२ मध्ये भोवतालच्या ज्यूंना मारून टाकण्याचं काम सुरू झालं तेव्हा या घरात आठ जण लपायला आले. वाइंत्सुतचे सॉल गोल्डमन आणि त्यांचे चार मुलगे, मार्कोव्ह्यातल्या गोल्डा ग्रुनफेल्ड आणि लेआ डिडनर, आणि लेआची लहानगी मुलगी. १५ ऑक्टोबर १९४१च्या फर्मानानं घेट्टो सोडणाऱ्या ज्यूला आणि त्याला आसरा देणाऱ्यालाही मरणाची शिक्षा ठरवली होती. उल्मा पती-पत्नीला हे माहीत नव्हतं असं होणं शक्य नाही. गावात मारलेल्या ज्यूंना पुरलं जात होतं.

१९४४च्या २३ मार्चच्या रात्री वाइंत्सुतहून जर्मन जेंडार्म, म्हणजे ग्रामीण भागातले सशस्त्र पोलीस, निघाले. बरोबर पोलिश पोलीसही होते. गाड्या हाकायला आसपासच्या गावांतले गाडीवान घेतले होते. काय घडलं हे जगाला कळलं ते पुष्कळसं त्या गाडीवानांमुळं. पहाटे घर वेढलं. आधी ज्यूंना मारलं, काहींना झोपेतच. मग युझेफ आणि विक्टोरियाला घराबाहेर आणून. मग मुलांचं काय करायचं यावर थोडी चर्चा झाली आणि मुलांनाही. तुकडीचा प्रमुख आयलर्ट डीकन. त्यानंतर घर लुटलं, सामान एवढं निघालं की गाड्या कमी पडल्या. कोकोट नावाच्या जेंडार्मनं गोल्डा ग्रुनफेल्डच्या अंगावरची दागिन्यांची डबी खिशात घातली. पुढं १९५८ मध्ये त्याच्यावर खटला चालला आणि तो तुरुंगातच मेला. डीकन युद्धानंतर जर्मनीत पोलिसात नोकरी करून १९६० मध्ये मेला, कुणी विचारायला गेलं नाही.

बातमी फोडली कुणी? संशय आहे तो वाइंत्सुतच्याच लेश नावाच्या पोलिश पोलिसावर. गोल्डमन कुटुंबानं आपली मालमत्ता विश्वासानं त्याच्याकडं ठेवली होती, आणि ती परत द्यायची त्याची इच्छा नव्हती, असं सांगतात. पोलिश भूमिगतांनी त्याच वर्षी त्याला गोळी घातली.

सकाळी सेंट डोरोथीच्या चर्चमध्ये गर्दी होती. उल्मा कुटुंबाचे अवशेष आता या चर्चमध्ये आहेत. १० सप्टेंबर २०२३ला याच गावात कॅथलिक चर्चनं त्यांना 'धन्य', म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं, नऊच्या नऊ जणांना, पोटातल्या बाळासकट. मी मागच्या बाकावर बसले. भाषा कळत नव्हती, पण मधूनमधून नावं कळत होती. युझेफ, विक्टोरिया, आणि मग मुलांची, मोठ्यापासून लहानापर्यंत, आपण पंगतीला हाका मारतो तशी.

तिथून संग्रहालयात. १७ मार्च २०१६ला ते उघडलं. ज्यूंना वाचवणाऱ्या पोलिश लोकांवरचं देशातलं पहिलं संग्रहालय. बैठी, साध्या घराच्या आकाराची इमारत. आवारात मारल्या गेलेल्यांच्या नावांच्या पाट्या आहेत. हारतुरे, झेंडे, गणवेशातली शाळकरी पोरं आणि काचेच्या नळीतले मेणदिवे. एक मास्तरीण पोरांच्या रांगेला दबक्या आवाजात दटावत होती, ते पाहून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

आत, मधोमध, उल्मांच्या घराच्या मापाचा काचेचा चौक आहे. त्यात युझेफचं सुताराचं टेबल, कॅमेरा, पुस्तकं. त्याच्या बायबलमध्ये, वाटेवरच्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या दयाळू शोमरोनीच्या गोष्टीपाशी पेन्सिलीनं रेघ मारलेली आणि शेजारी एक शब्द लिहिलेला: 'ताक'. म्हणजे 'होय'. दूध-ताकातलं ताक नव्हे. मला हसू आलं आणि पुढच्याच क्षणी आपण कुठं हसतो आहोत याची लाज वाटली. रक्ताचे डाग पडलेला एक फोटोही तिथं आहे. त्याच्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

सगळे पाट्या वाचत पुढं गेले, मी त्या काचेच्या चौकापाशीच राहिले. कारण माझ्या डोक्यात एक हिशेब सुरू झाला होता. लग्नानंतर पंधरा वर्षं मी बारा माणसांच्या घरात रांधलं आहे. तेव्हा दोन खोल्या आणि माळा एवढ्या घरात सोळा माणसं म्हणजे काय हे मला पाटी वाचून कळावं लागत नाही. रोजचं चार किलो पीठ धरा. बटाट्याचं पोतं बघता-बघता तळाला जातं. आठ माणसांच्या घरात सोळा जणांचं पीठ दळायला कुणी नेलं? पावाची भट्टी दुप्पट वेळ धुमसली तर धूर कुणाला दिसला नाही? विहिरीवरच्या खेपा? शौचाला सगळे कधी जायचे, रात्री? महिन्याच्या वेळचे कपडे कुठं वाळवायचे? उल्मांची पोरं मोकळी हुंदडत असताना लेआची पोर माळ्यावर गप्प कशी बसायची, आणि सहा पोरांपैकी एकही पोर बाहेर कधी काही बोलून गेलं नाही, हे कसं? चार-पाच वर्षांच्या पोराच्या पोटात गोष्ट राहते का? आणि हे एक-दोन दिवस नाही, सव्वा-दीड वर्ष.

गोल्डमन मंडळी युझेफला कातडी कमावण्याच्या कामात हात लावायची, म्हणजे घराला थोडं उत्पन्न होतं. तरीही.

आणि मग मला कालच्या मालकीणबाई आठवल्या. घरी पाहुणे आलेत वाटतं? तीन पाव आणि डझनभर अंड्यांत त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण विक्टोरियाला असं कुणी हसून विचारलं असेल तर तिनं काय उत्तर दिलं असेल?

हा स्मृतिदिन २०१८ सालचा. राष्ट्राध्यक्षांनी प्रस्ताव आणला, संसदेनं मार्चमध्ये कायदा केला. त्याच महिन्यांत दुसरा एक कायदा गाजत होता. नाझी गुन्ह्यांचा दोष पोलिश राष्ट्रावर ठेवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, असा. जगभर आरडाओरडा झाल्यावर जूनमध्ये ती शिक्षा काढून टाकली. म्हणून इथले काही लोक या दिवसाकडं जरा तिरक्या नजरेनं बघतात: चांगल्यांची नावं पुढं केली की वाईटांची झाकली जातात. मला दोन्ही बाजू समजतात. आपल्याकडं जयंत्या-पुण्यतिथ्या कशासाठी वापरतात ते बघत माझे केस पांढरे झाले. पण म्हणून काचेमागचं ते 'होय' खोटं ठरत नाही.

संग्रहालय मात्र गाव म्हणजे नुसते उल्मा असं दाखवत नाही, हे मला बरं वाटलं. १९४२च्या डिसेंबरात जर्मनांच्या हुकमावरून मार्कोव्ह्यातल्याच लोकांनी लपलेल्या ज्यूंचा शोध घेतला आणि सापडलेल्यांना जर्मनांनी गोळ्या घातल्या. आणि याच गावात उल्मांचं घर संपल्यावरही वीसेक ज्यू दुसऱ्या घरांत लपलेले राहिले आणि युद्ध संपेपर्यंत जगले. शिलार कुटुंबाच्या माळ्यावर वेल्ट्झ घराण्यातले सात जण. अब्राहम सेगल नावाचा पोरगा त्स्विनार कुटुंबाकडं पोलिश गुराखी म्हणून राहिला. विचार करा. २४ मार्चची सकाळ. गावभर बातमी गेली आहे की सहा पोरांसकट घर संपवलं. तुमच्या माळ्यावर सात माणसं आहेत. दुपारचं जेवण त्यांना वर पोचवायचं आहे. त्या दिवशी शिलार बाईच्या हातात ती परात होती, आणि तिनं ती वर नेली.

दिवस तिच्या घरावरून ठरला नाही, कारण ती मेली नाही. तिचं घर बघायचं होतं, पण नेमकं कुठलं ते कुणाला विचारायचा धीर झाला नाही. कोल्हापूरहून आलेय, वळिवड्याची छावणी ठाऊक आहे का, असं दोघा-तिघांना लेकाकरवी विचारून पाहिलं. कुणालाच ठाऊक नव्हतं.

निघताना आवाराबाहेरच्या रस्त्याकडेला आठ खडे वेचले आणि कोटाच्या खिशात टाकले.

२५ मार्च, मंगळवार. यागयेवा

लेकाची एक सहकारी झेशुफची आहे. तिनं रजा काढून गाडी आणली. पोरगी मितभाषी, मला पहिल्यापासून 'मामा' म्हणायला लागली. पोलिशमध्ये मामा म्हणजे आई, हे लेकानं सांगेपर्यंत मी गोंधळले होते.

उल्मा मंडळींना गावकऱ्यांनी आधी घराशेजारीच पुरलं होतं. आठवड्याभरानं काही जणांनी रात्री, जीव धोक्यात घालून, त्यांना उकरून पेट्यांत ठेवलं. तेव्हा त्यांना दिसलं की विक्टोरियाचं बाळंतपण सुरू झालं होतं. १९४५च्या जानेवारीत त्यांना गावच्या दफनभूमीत नेलं. ज्यूंचे आठ देह १९४७ मध्ये वेगळ्या ठिकाणी हलवले, यागयेवा-न्येख्चाउकी इथल्या युद्धबळींच्या दफनस्थानात. सोळा माणसं सव्वा-दीड वर्ष एका छपराखाली होती, मेल्यावर वेगळी झाली. धर्म वेगळे, हे मला कळतं. पण काल ज्या गर्दीत मला उभं राहायला जागा मिळत नव्हती, त्यातलं इथं आज कुणी नव्हतं.

वाटेत एका गावाच्या पाटीपाशी तिनं गाडी जरा हळू केली. ग्न्येवचिना. बराच वेळ काही बोलली नाही, मग समोर बघत सांगू लागली. १९४२ साली या गावातल्या लोकांनी आपल्याच शेजारच्या ज्यूंना पकडून एका घरात कोंडलं, लपवलेली चीजवस्तू कुठं आहे ते काढून घ्यायला छळलं, बायकांची अब्रू घेतली, आणि मग जर्मनांना बोलावून त्यांच्या हवाली केलं. अंगणात त्यांना गोळ्या घातल्या. तेव्हा लहान असलेल्या गावातल्याच एका माणसानं सहासष्ट वर्षांनी, २००८ मध्ये, हे लिहून प्रसिद्ध केलं. "आमच्या घरातून हे गाव तासाभराच्या आत," ती म्हणाली. "शाळेत आम्हाला मार्कोव्ह्याला नेलं होतं. इथं कधीच नाही."

लेकानं भाषांतर करता-करता माझ्याकडं पाहिलं. मी काही बोलले नाही. गाव साधं होतं, छान होतं. अंगणात कोंबड्या, दोरीवर धुणं.

दफनस्थान झाडांत, शांत, ओलं. ज्या थडग्यांपाशी जायचं ती शोधायला वेळ लागला. मी खिशात हात घातला आणि खडे मोजून काढले. सात. पुन्हा मोजले, सातच. कोटाचा खिसा कोपऱ्यात उसवला होता, एक खडा कुठंतरी पडला असणार. गाडीत जाऊन सीटखाली हात घालून बघितलं, पोरगीही टॉर्च घेऊन शोधायला लागली. नाही मिळाला.

"आई, इथलाच एक घे," लेक म्हणाला.

मार्कोव्ह्यातून आणायचा होता मला, त्या गावचा. पण नव्हता. पायवाटेवरून एक बारका, पांढुरका खडा उचलला, चिखल पुसला, आणि बाकीच्या सातांच्या शेजारी ठेवला. लेआच्या मुलीचा.